निसटती वाटी

दवाखान्यात चाल तपासायच्या काचेच्या बोळातून मंजिरी चालत होती आणि मशीनच्या पडद्यावर तिच्या गुडघ्याची वाटी हाडाच्या खाचेतून सरळ सरकत होती. ऑपरेशनासाठी विश्रामकाकांनीच लेकीच्या मागे लकडा लावला होता.

"आता वाटी बाहेर निसटत नाही, काका," मशीनवरच्या बाई म्हणाल्या.

मंजिरीच्या आईचीही वाटी अशीच निसटायची. आई गेल्यावरही सहा वर्षं घरात तीच अडखळती पावलं वाजत राहिली होती, मंजिरीची.

"जुनी चाल एकदा दाखवता?" काकांनी विचारलं.

"फरक मोजून झाला की मशीन ती पुसून टाकतं हो."

काका मान खाली घालून बसले. कुणीतरी एकसारखी पावलं टाकत जवळ आलं. कोण आलंय ते बघायला त्यांना मान वर करावी लागली.

"बाबा," मंजिरी हसत म्हणाली, "अजिबात दुखत नाही!"