शून्य सेकंद

"चौथ्या घरात मंगळ म्हणे!" हरिहररावांनी पत्रिकेचा लांबलचक कागद आनंदच्या टेबलावर उलगडला. "मुलगी आम्हाला पसंत आहे हो. मुलगा तर तिच्यापायी जेवेनासा झालाय. पण आमच्या हिला मंगळाची सून नको. एकदा नीट बघा."

शेजारी मुलीची आई, सुहासिनीबाई, मांडीवरची पर्स घट्ट धरून बसल्या होत्या. पत्रिका बदलली नाही तर नीलाचं ठरलेलं लग्न आजच मोडणार होतं.

कोपरीतल्या त्या गाळ्यात आनंद कॉम्प्युटरवर पत्रिका काढून देई. चौऱ्याण्णव सालीही त्याचं मोठं अप्रूप होतं, आणि प्रोग्रॅम त्याने स्वतः लिहिलेला, त्यामुळे त्याचा तोरा काही विचारू नका. त्याने कागदाच्या डोक्यावरची तारीख वाचली आणि कपाळावर हात मारला.

"घोळ माझाच! अहो, या मशीनला तारीख कळत नाही, ते नुसते सेकंद मोजतं. एक जानेवारी सत्तरपासून. तिकडे इंग्लंडात मध्यरात्र, म्हणजे आपल्याकडे पहाटेचे साडेपाच. जन्मवेळ भरायची राहिली की सेकंद शून्य, आणि शून्याची तारीख छापून येते ती हीच. बघा, एक जानेवारी सत्तर, पाच तीस! ही कुणा माणसाची जन्मवेळच नव्हे."

"म्हणजे ही नीलाची पत्रिकाच नाही?" हरिहररावांचा चेहरा खुलला. "मी आपली विहीणबाईंची चिठ्ठी न उघडता तुम्हाला दिलेली."

"ती केव्हाच केरात गेली. बाई, वेळ पुन्हा सांगता का?"

सुहासिनीबाईंनी भिंतीवरच्या कॅलेंडरकडे पाहिलं, पदराने मानेवरचा घाम टिपला.

"नऊ मार्च. साल सत्तरच. दुपारी सव्वातीन."

प्रिंटर करकरला. मंगळ दहाव्या घरात.

"सुटलो बुवा!" हरिहरराव खुर्चीतच सैलावले. आनंदलाही हायसं वाटलं. आपल्या हलगर्जीपणाने एका पोरीचं लग्न मोडत होतं, ते वाचलं. सुहासिनीबाईंच्या डोळ्यांत तर पाणीच आलं.

"अगदी देवासारखे धावून आलात," त्या म्हणाल्या.

लग्न वर्तकनगरात थाटात झालं. आनंद दोनदा जिलबी मागून जेवला.

महिन्याभराने नीला स्वतः गाळ्यावर आली. हातात पेढ्यांचा पुडा, गळ्यात नवं मंगळसूत्र. वागळे इस्टेटमध्ये नोकरीसाठी तिला बायोडेटा टाइप करून हवा होता.

"आई अजून तुमचं नाव काढते," ती म्हणाली. "मशीनची चूक तुम्ही पकडलीत म्हणून, नाहीतर माझं काही खरं नव्हतं."

आनंद खूश झाला. पेढा तोंडात टाकून त्याने नाव टाइप केलं, पत्ता टाइप केला.

"जन्मतारीख? नऊ मार्च ना?"

"नाही हो, एक जानेवारी सत्तर. आणि त्या दिवशी माझी झोपमोड ठरलेली. आई दरवर्षी पहाटे साडेपाचच्या ठोक्याला उठवून ओवाळते."