तिसरा झोका

नवी साखळी चढवून झाली तेव्हा वेल्डर शिडीवरून उतरला आणि स्वतःच तिला लोंबकळला. एवढा आडदांड माणूस, पण झोक्याने हूं की चूं केलं नाही.

"आता हत्ती बसवा," तो म्हणाला आणि लगेच त्याने जीभ चावली. नर्सबाई शेजारीच उभ्या होत्या.

आठवड्यापूर्वी याच झोक्याची साखळी वरच्या कडीपाशी तुटली होती. नर्सबाईंची मुलगी कडेच्या सिमेंटवर डोक्यावर पडली आणि पुन्हा उठलीच नाही. मायलेकींना गावात येऊन तेव्हा चार दिवसही झाले नव्हते.

मग वरातीमागून घोडं निघालं. पंचायतीने साखळी आणली, खांबांना निळा रंग मारला, घसरगुंडीचा उचकटलेला पत्रा ठोकून बसवला, मैदानाकडे येणाऱ्या रस्त्यातले खड्डेसुद्धा बुजवले. इतकी वर्षं न झालेली कामं एका पोरीच्या जिवावर आठवड्यात उरकली. तोपर्यंत पंचायतीत एकच रीत होती, जो बोलेल त्यानेच करायचं. किराणावाल्याने एकदा भर सभेत गळक्या नळाचं नाव काढलं, तर तोटी आणायला त्यालाच शहरात पिटाळलं होतं आणि ती बसवायलाही त्यालाच. तेव्हापासून गाव शहाणं झालं. सभेत सगळे अळीमिळी गुपचिळी.

सरपंचांनी घसा खाकरला. "लोखंडाचं काही सांगता येत नाही बघा, सिस्टर. वरून ठणठणीत दिसतं आणि अचानक दगा देतं. आम्हाला जरा जरी कल्पना असती तर..."

"कुणालाच नव्हती?" नर्सबाईंनी विचारलं.

आवाजात भांडण नव्हतं. आठवडाभर त्यांना झोप लागली नव्हती ती याच एका प्रश्नापायी. बदली मागितली असती तर मिळाली असती, पण मुलगी जिथे राहिली ते गाव त्यांना सोडवत नव्हतं. राहायचं तर याच माणसांत, यांचीच दुखणी-खुपणी बघत. त्यासाठी एवढं एक कळायला हवं होतं.

सगळ्यांच्या माना हलल्या. "नाही हो, सिस्टर." "छे छे." "शपथेवर सांगतो," किराणावाला म्हणाला आणि त्याच्या बायकोने डोळे पुसले. ते रडणं खोटं नव्हतं. त्या दिवशी मुलीला उचलून दवाखान्यापर्यंत धावला होता तो किराणावालाच. गावातल्या बायकांनी आठवडाभर आळीपाळीने नर्सबाईंना डबा पोचवला होता, समोर बसून चार घास खायला लावले होते.

"बरं झालं विचारलं," नर्सबाई म्हणाल्या. त्यांचे खांदे जरा सैल पडले. "माझ्या मनात नाही नाही ते यायचं. तिला तर तुमचं गाव फार आवडलं होतं. पहिल्याच संध्याकाळी इथून नुसती बघून आली आणि मला म्हणाली, आई, इथली मुलं किती चांगली आहेत गं. बाकीच्या झोक्यांवर रांग लागते, पण एक त्यांनी माझ्यासाठी रिकामा ठेवलाय."

वेल्डर पान्याला लागलेलं ग्रीस पुसू लागला. ते पुसून झालं तरी तो पुसतच राहिला.

शांतता सहन न होणारी माणसं असतात, सरपंच त्यातले. गर्दीत त्यांना आपली नात दिसली. "ये गं चिमणे, तू बस पहिली. आणि सिस्टर, पहिला झोका तुम्हीच द्या हिला. पोरांची भीती जाईल."

नर्सबाईंनी क्षणभर डोळे मिटले. मग मान डोलावली. पुढे होऊन त्यांनी झोक्याची फळी दोन्ही हातांनी स्थिर धरली. आठवड्यात पहिल्यांदा त्यांच्या चेहऱ्यावर हसण्यासारखं काहीतरी आलं. चिमणी धावत आली, साखळीला हात घालणार तोच मागून तिच्या आईचा, सरपंचांच्या सुनेचा आवाज आला.

"ए! त्याच्यावर नाही! किती वेळा सांगितलंय तुला!"

रोज संध्याकाळी देऊन देऊन तोंडात बसलेली ती हाक होती. सुनेने स्वतःच्याच तोंडावर हात दाबला, पण सुटायचा तो शब्द सुटला होता. चिमणी सवयीने मागे सरकली. तिच्याबरोबर आणखी दोन-तीन पोरंही सरकली.

"अगं, आता साखळी नवी आहे," सरपंच बोलून गेले.

मग त्यांनाही ऐकू आलं, आपण काय बोललो ते.

नर्सबाईंनी सुनेकडे पाहिलं. मग किराणावाल्याकडे, त्याच्या बायकोकडे, डबे घेऊन आलेल्या एकेकीकडे. ज्याच्याकडे पाहावं त्याची मान खाली. कुणाचीच नजर मिळेना, तेव्हा त्यांनीही खाली पाहिलं.

पहिल्या झोक्याखाली पोरांच्या पायांनी घासून घासून खोलगट खड्डा पडला होता. दुसऱ्याखाली तसाच. चौथ्याखालीही तसाच. तिसऱ्याखाली गवत होतं. शिडीच्या पायांनी थोडं दबलेलं, पण चांगलं घोट्याच्या वर आलेलं, निबर, तुरे धरलेलं.

नर्सबाईंनी फळी सोडली. त्या खाली बसल्या आणि त्यांनी गवताची एक काडी बुडाशी धरून बोट हळूहळू तुऱ्यापर्यंत नेलं.

"हे एवढं वाढायला," त्यांनी विचारलं, "किती दिवस लागतात?"