नकाराचा नमुना

पडद्यावर पत्र उमटलं आणि चहाच्या कपाकडे निघालेला विभागप्रमुख बाईंचा हात अर्ध्यावरच थांबला.

'सादर नमस्कार. तुमचा अर्ज या वेळी मंजूर होऊ शकला नाही. "या वेळी" हे शब्द मी मुद्दाम लिहितो आहे.'

प्रशिक्षण द्यायला राज्याच्या आरोग्य खात्यातून एक तरुण अधिकारी आली होती. नव्या कायद्याने सगळे आरोग्य विमे एकाच योजनेत आणले होते. किती फायली हातावेगळ्या केल्या, यावर यापुढे विमा कचेरीला पैसे मिळणार नव्हते. किती आजाऱ्यांना वेळेत उपचार मिळाले, यावर मिळणार होते. आणि एखाद्याचा खर्च नाकारायची वेळ आलीच, तर पत्र कसं लिहायचं त्याचा नमुना समोर होता.

बाई पुढे वाचत गेल्या. 'तुमच्या अर्जात एकच कागद कमी आहे. शस्त्रक्रिया तातडीची आहे, असं डॉक्टरांकडून सहीनिशी लिहून घ्या आणि तीस दिवसांच्या आत तिसऱ्या खिडकीवर द्या. खिडकीवरचा माणूस "उद्या या" म्हणाला, तर हलू नका, पोच मागा. घाबरू नका.'

मागच्या रांगेत कुणीतरी खुदकन हसलं. बाईंच्या मात्र डोळ्यांपुढे तो जुना लांबलचक हॉल उभा राहिला. डिंकाचा आणि शाईचा वास, डोक्यावर कुरकुरणारा पंखा आणि कोपऱ्यातल्या टेबलाशी मान खाली घालून बसलेले तात्या.

कचेरीत त्यांना सगळे मालगाडी म्हणत. बाकीचे दिवसाला चाळीस फायली उडवत. छापील कागदावर 'नामंजूर'चा शिक्का मारला की झालं. तात्या आठ-दहांच्या पुढे जात नसत. एक पत्र लिहायचे, ते स्वतःशीच पुटपुटत वाचायचे, खोडायचे, पुन्हा लिहायचे. शिपाई म्हणायचा, "तात्या, सिग्नल मिळाला का?" तात्याही हसायचे आणि पेनात शाई भरायचे.

बाई बाविसाव्या वर्षी नोकरीला लागल्या, त्या त्यांच्याच शेजारच्या खुर्चीत. पहिलं पत्र त्यांनी मोठ्या ऐटीत लिहिलं होतं, कलमं-पोटकलमं घालून. तात्यांनी चष्मा कपाळावर सरकवला.

"पोरी, हे पत्र कुणीतरी स्वयंपाकघरात उभ्या उभ्या वाचणार आहे. हाताला कणीक लागलेली असेल. एवढी लांब वाक्यं नकोत."

तीन वर्षं तात्यांनी त्या पोरीला असं शिकवलं. दुपारी डब्यातली अर्धी भाजी तिच्या डब्याच्या झाकणात यायची. तिच्या आईला बरं नव्हतं तेव्हा कुठल्या डॉक्टरांकडे जायचं, कुठला कागद आधी काढायचा, सगळं त्यांनीच सांगितलं होतं. तेव्हा त्यांना वेळ कमी पडला नव्हता.

मग फायलींवर बोनस सुरू झाला. ज्या विभागाच्या जास्त फायली निकाली, त्या विभागाला जास्त पैसे. लोक तात्यांच्या टेबलाकडे तोंड वाकडं करून बघू लागले. एके दिवशी वरच्या साहेबांकडे एक अहवाल गेला आणि आठवड्याच्या आत तात्यांची रवानगी तळघरातल्या दप्तरखान्यात झाली. तिथे पत्रं लिहायची नसतात. निवृत्तीच्या दिवशी ते वर आले, प्रत्येक टेबलापाशी दोन मिनिटं थांबले. बाई तेव्हा नुकत्याच विभागप्रमुख झाल्या होत्या. "पोरी, विभाग छान चालवतेस," एवढंच म्हणाले. पुढे ते गेल्याचं बाईंना सूचनाफलकावरून कळलं.

"हे पत्र माझ्या आईला आलं होतं," अधिकारी सांगत होती. "मी शाळेत होते. त्याआधी दोन ठिकाणांहून नुसतेच शिक्के आले होते, आणि आईने ऑपरेशनचा नाद सोडून दिला होता. हे पत्र तिने ओट्याशी उभं राहून वाचलं, पदराला हात पुसले आणि तशीच निघाली. आज ती माझ्या मुलीला शाळेत सोडते. कायद्यासाठी नमुना लिहायची वेळ आली, तेव्हा मी फक्त आईचं नाव काढलं. बाकी एक शब्द बदलला नाही."

तिने पत्राचा शेवट पडद्यावर आणला.

"खाली सही नाही, नुसता तुमच्या कचेरीचा शिक्का आहे. म्हणून इथे मुद्दाम विचारते. कुणी लिहिलं असेल, सांगता येईल का? आईला एकदा त्यांना भेटायचंय."

जुनी माणसं केव्हाच निवृत्त झाली होती. आता ते नाव माहीत असलेलं त्या खोलीत एकच माणूस उरलं होतं आणि त्या माणसाने कपाकडे नजर लावली होती.

तेवढ्यात मागून एका कारकुनाने हात वर केला. "ताई, पत्र झकास आहे हो. पण असं एक लिहायला वेळ किती लागणार? आमच्या डोक्यावर रोजच्या चाळीस फायली असतात."

हशा पिकला. अधिकारीही हसली. "ते मला कसं सांगता येईल? ज्यांनी लिहिलं, त्यांनाच ठाऊक."

बाई उठल्या. खुर्ची करकरली, तशा सगळ्या माना वळल्या.

"पाऊण तास," बाई म्हणाल्या. "पत्र अवघड असेल तर पन्नास मिनिटं."

अधिकारी दोन पावलं पुढे आली. "तुम्ही ओळखता त्यांना?"

"त्यांनीच मला काम शिकवलं. तात्या म्हणायचो आम्ही त्यांना. ते आता नाहीत." बाईंनी कप बाजूला सारला. "आणि शेजारच्या खुर्चीत बसून, घड्याळ लावून जिने त्यांचा वेळ मोजला, त्याचा अहवाल वर पाठवला, ती मी."