वेलचीचा वास

लेक यास्मीन बाजूला उभी होती. डॉक्टरांनी हुसेनसाबच्या हनुवटीवर बोट ठेवून त्यावर रबरी हातोडी मारली, तसा जबडा खटकन मिटला. मग गुडघ्यावर मारली. लोंबता पाय एकदा उडून थांबायला हवा होता. तो झोपाळ्यासारखा हलतच राहिला. “तोल सांभाळणारा मेंदूचा भाग झिजतोय,” डॉक्टर म्हणाले. “घराण्यात आणखी कुणी असं झोकांड्या खात चालायचं?” हुसेनसाब जड जिभेनं म्हणाले, “माजे अब्बा. दारू पिऊन येत्यात म्हणून मीच घराबाहेर काढलं. टेंभुर्णीच्या स्टँडवर ऱ्हायले, तितंच गेले. तोंडाला कायम वेलचीचा वास यायचा. वाटायचं, दारू लपवायलाच खात्यात.” यास्मीननं मान खाली घातली. हुसेनसाबच्या बोटांना हल्ली बटणं जमत नव्हती. रोज सकाळी त्यांच्या सदऱ्याचं वरचं बटण लावताना ती वाकून त्यांच्या तोंडाचा वास घ्यायची.