कार्डावरचा देवू

बाहत्तर साली सरूला पाचवा महिना लागला आणि भिवंडीला लूमवर ड्युटी करणाऱ्या नवऱ्यानं, जास्त साखर मिळावी म्हणून, पोटातल्या पोराचं नावसुद्धा रेशनकार्डावर चढवून टाकलं: देवू, मुलगा! आठवड्यात गर्भ पडला. कार्डावरचा देवू साखर आणत राहिला. घरात मात्र ते नाव कोणी उच्चारलं नाही. सहा वर्षांनी, रेशनकार्डांवरून केलेली शाळेच्या वयाच्या पोरांची यादी घेऊन दिघाशीच्या शाळेचे मास्तर दारात उभे. "देवू शाळेत का नाही?" सासू फिस्सकन हसली. "मास्तर, तो निस्ती साखर खातो, दिसत न्हाय कोनाला!" खरं कळल्यावर मास्तर भडकले, नाव खोडायला निघाले. सरूनं यादीवर तळहात ठेवला. "खोडू नका. घाला त्याला शाळेत." "अगं, पोर कुठाय?" "न्हाय ना. रोज गैरहजर लिवा. पन हजेरी घेताना त्याला मोठ्यानं हाक मारा, मास्तर. मी कुंपणाशी उभी ऱ्हाते."