हेलनवहिनीची शिवी

“साहेब, माझ्या दिराला तुम्ही माणसातून उठवलंत,” हेलन म्हणाली.

सगळे अँथनीच्या ओट्यावर जमले होते. साहेबांनी चहाचा कप खाली ठेवला. हे साहेब सातिवलीच्या कारखान्यांत ताणतणावावर भाषणं करायचे. हेलनच्या या धाकट्या दिराला, फेबियनला, त्यांनी जेमतेम दोनदा पाहिलं होतं. तेवढ्यावर आजार ठरवून मोकळे: क्रोधविकृती. शब्द भारी होता. फेबियनच्या थोरल्या भावाला, अँथनीला, तो पाठ झाला होता.

“बाई, तुम्ही दुखावल्या आहात,” साहेब मऊ आवाजात म्हणाले. “तुमच्या पानवेली यानेच कापल्या, खरंय. पण तो झटका होता. त्या क्षणी याच्या हातात काहीच नव्हतं. दोष देऊन काय मिळणार?”

“ऐकलंस ना, हेलन?” अँथनी घाईने बोलला. “पोलिसांचं राहू दे आता. आजारी माणूस आहे. माफ कर आणि विषय मिटव.”

“आजाऱ्याला माफ कशाला करायचं, भाऊ? तापाला कोण माफी देतं?”

राजोडीच्या रस्त्याला लागून त्यांची वाडी. तीन भावांची तीन घरं, विहीर एक, पंप एक. पाण्याच्या पाळ्या बांधलेल्या. मधला भाऊ गॉडफ्रे गेल्यापासून त्याची बायको हेलन पानवेलींवर घर चालवत होती. गेल्या आठवड्यात तिचा पंप फेबियनच्या पाळीतही चालू राहिला. चूक तिचीच होती, ती तिने कबूलही केली. तरी तोंडाला तोंड लागलं. दुसऱ्या दिवशी सगळं गाव एका मयताला चर्चमध्ये गेलं, आणि फेबियनने तिच्या वेली बुंध्यातून कापल्या. उन्हं कलेपर्यंत पानं माना टाकून लोंबत होती.

आता तो ओट्याच्या कडेला खाली मान घालून बसला होता. दोन वर्षांपूर्वी सणाच्या मांडवात त्याने खुर्ची भिरकावली, तेव्हा अँथनीने त्याला साहेबांकडे नेलं. शिक्का बसला. तेव्हापासून सगळे त्याच्याशी हळू बोलायला लागले. तो दिसला की पोरांना घरात हाक मारायचे. चर्चच्या मिरवणुकीत सायबाच्या, म्हणजे देवाच्या, मूर्तीला त्याचा खांदा असायचा, तोही काढून घेतला. कोणी त्याच्याशी भांडेना. काही चुकलं तरी ‘जाऊ दे, त्याचं तसंच आहे.’ खोटं कशाला बोला, पुढे पुढे त्यालाही ते सोयीचं वाटायला लागलं होतं.

हेलन त्याच्यासमोर जाऊन उभी राहिली.

“मेल्या फेबियन, वर बघ! खरंच आजारी असतास तर तुझ्या उशाशी बसले असते मी. तू आजारी नाहीस. तू हरामखोर आहेस!”

साहेब ताडकन उठले. “बाई, काय करताय! त्याला पुन्हा झटका येईल!”

फेबियन उठला. अँथनी धावत मध्ये आला. फेबियनने त्याला हाताने बाजूला केलं, पण हळूच. त्याचे डोळे भरले होते.

“देव तुझं भलं करो, वहिनी,” तो म्हणाला. “दोन वर्षांत मला कोणी शिवीसुद्धा घातली नव्हती.”

मग तो अँथनीकडे वळून बोलू लागला.

“झटका नव्हता, दादा. मी कोयत्याला धार लावली. मयताची घंटा होईपर्यंत थांबलो. तिच्या घरात कोणी नाही ना, ते कुंपणावरून बघून घेतलं. झटका कुंपणावरून बघतो का? मीच कापलं. वहिनी, पोलिसात जायचं तर चल, मी येतो बरोबर. नाहीतर नवीन वेली लावून देतो. त्यांना पानं लागेपर्यंत माझी पाळीपण तुझी.”

“हे बघा, हा अपराधगंड,” साहेब अँथनीला म्हणाले. “याच्या बोलण्यावर जाऊ नका. हीसुद्धा विकृतीचीच एक बाजू असते.”

फेबियन त्यांच्याकडे वळला. त्याचा आवाज चढला नाही.

“बरं. मग हेही ऐका. कापत कापत मी शेवटच्या ओळीशी आलो. ती गॉडफ्रेने लावलेली, गेला त्या वर्षी. राग तेवढाच होता. कोयता हातात होता. बघायला चिटपाखरू नव्हतं. आणि ती ओळ सोडून मी घरी गेलो.”

हेलनने चमकून त्याच्याकडे पाहिलं. लोक परतल्याची चाहूल लागली म्हणून तो पळाला असेल, असंच ती आजवर धरून चालली होती.

“कापत होता तो आजार म्हणता ना, साहेब?” फेबियनने विचारलं. “मग थांबला तो कोण? बोला ना.”