भिंतीवरची सायकलवाली

आयर्लंडमधल्या लिमरिक शहराच्या लायब्ररीत व्हिक्टोरिया राणीच्या काळातल्या व्यंगचित्रांचं प्रदर्शन लागलं होतं. एका चित्रात ढगळ विजार घालून ऐटीत सायकलवर निघालेली बाई आणि दारात रडकं पोर कडेवर घेतलेला नवरा. बाबा हसून हसून बेजार!

"भार्गवी, ही बघ तू! निघाली सायकलवरून शाळेला!"

भार्गवीच्या तळपायाची आग मस्तकात गेली. "बाबा, यात हसण्यासारखं काय आहे?"

नागपूरहून आलेली आजी हळूच म्हणाली, "माझंही असंच चित्र काढलं होतं, शाळेच्या भिंतीवर. आधी सायकल सुटली, मग शाळा."

"कोणी काढलं? नाव सांग मला!"

"काढणाऱ्याचं सोड गं. पुसून टाका म्हणून मी माझ्या वडिलांना शाळेत घेऊन गेले, तर तेही असेच हसले."